३६ आठवडे, साडेतीन किलो

"बाळ एवढं गुटगुटीत, मग काचेच्या पेटीत कशाला?" आज वॉर्डात एका आजींनी विचारलं. प्रश्न अगदी रास्त आहे.

गरोदरपणात आईला मधुमेह असेल तर तिच्या रक्तातली जादा साखर वारेतून बाळाकडे जाते. मग बाळाचं स्वादुपिंड जास्त इन्सुलिन बनवतं. त्याने अंगावर चरबी चढते, पण फुफ्फुसं तयार व्हायला उशीर होतो. म्हणून लवकर जन्मलेलं असं वजनदार बाळही धापा टाकू शकतं.

नाळ कापली की आईकडून येणारी साखर थांबते, इन्सुलिन मात्र चढंच राहतं. पहिल्या एक-दोन तासांतच साखर घसरते. हात थरथरतात, बाळ मलूल होतं, दूध ओढत नाही. कधी वरून काहीच दिसत नाही, म्हणून तर टाचेला टोचून थेंबभर रक्त तपासतात. आईला वाईट वाटतं, पण तो थेंब फार मोलाचा असतो. जन्मल्यावर तासाभरात अंगावर पाजा. ओढत नसेल तर चीक काढून वाटी-चमच्याने द्या. मध, साखरपाणी, गुटी अजिबात नको.

आणि गरोदर बायांनो, दवाखान्याच्या पहिल्या भेटीत ग्लुकोजची तपासणी चांगली आली, तरी २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा करा: ७५ ग्रॅम ग्लुकोज, ३०० मिली पाणी, दोन तासांनी रक्त. साखर १४० (मिग्रॅ/डेसिलिटर) किंवा वर म्हणजे गरोदरपणातला मधुमेह. अर्ध्या तासात उलटी झाली तर दुसऱ्या दिवशी परत.