चक्कर नेमकी कसली? तपासणीचा माझा अनुभव

अंथरुणात उजव्या कुशीवर वळलं की खोली गरगर फिरायची. अर्ध्या मिनिटात सगळं शांत. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना मी "चक्कर येते" एवढंच सांगितलं, तर त्यांनी तो शब्दच बाजूला ठेवायला लावला. "काय होतं ते सांगा, आणि चक्कर हा शब्द वापरू नका."

१९७२ मध्ये अमेरिकेत ड्रॅकमन आणि हार्ट यांनी चकरेचे चार प्रकार पाडले होते: स्वतः किंवा भोवताल फिरल्यासारखं वाटणं, डोळ्यांपुढे अंधारी येऊन आता शुद्ध जाणार असं वाटणं, डोकं ठीक, पण उभं राहताना-चालताना तोल जाणं, आणि नुसतं हलकं, अधांतरी वाटणं. आपल्याकडे घेरी, भोवळ, अंधारी, झोक जाणं असे वेगवेगळे शब्द असूनही दवाखान्यात सगळ्यांचं मिळून 'चक्कर' होतं. त्यात हे वर्णन घडीघडीला बदलतं. एकच माणूस आधी "गरगरतं" म्हणतो आणि थोड्या वेळाने "हलकं वाटतं". म्हणून आता भर दोन प्रश्नांवर असतो: किती वेळ टिकते, आणि कशाने सुरू होते.

कूस बदलल्यावर किंवा वर पाहिल्यावर येणारी, मिनिटाच्या आत थांबणारी चक्कर बहुधा आतल्या कानातले सूक्ष्म खडे जागेवरून सुटल्याने येते. उठून उभं राहिल्यावर अंधारी येत असेल तर रक्तदाब आधी आडवं झोपवून आणि मग उभं करून १ व ३ मिनिटांनी मोजतात; वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर कारण तिथं आहे. बसवून एकदाच मोजला तर ते हुकतं. २० मिनिटं ते १२ तास टिकणारी, सोबत एका कानात आवाज, दडा आणि कमी ऐकू येणं असेल तर मेनिएर या आतल्या कानाच्या आजाराचा विचार होतो. अर्धशिशीची चक्कर ५ मिनिटांपासून ७२ तासांपर्यंत राहू शकते, आणि तेव्हा डोकं दुखेलच असं नाही.

अचानक सुरू होऊन तासन् तास न थांबणारी चक्कर मात्र वेगळी. ती कानाच्या नसेला सूज आल्याने असू शकते किंवा मेंदूच्या मागच्या भागातल्या झटक्याने (स्ट्रोकने). दोन वस्तू दिसणं, बोलणं अडखळणं, हात-पाय किंवा चेहरा लुळा पडणं, गिळता न येणं, आधाराशिवाय उभंच न राहता येणं, यातलं काहीही असेल तर थेट मोठ्या रुग्णालयात जावं. सुरुवातीला सीटी स्कॅन साफ आला म्हणून निर्धास्त होऊ नये, मागच्या भागातला ताजा झटका त्यात बरेचदा दिसत नाही.

माझं उत्तर "कूस, अर्धा मिनिट" असल्याने पुढची चाचणी होती डिक्स-हॉलपाइक. टेबलावर पाय लांब करून बसवलं, मान उजवीकडे ४५ अंश वळवली आणि झटकन मागे झोपवलं, डोकं कडेच्या खाली साधारण २० अंश लोंबतं. चक्कर लगेच येत नाही, काही सेकंद जातात. मग बुबुळं वळत-वळत वर उडू लागतात. इथे माणूस हमखास डोळे मिटतो, आणि डॉक्टरांना पाहायचे असतात ते डोळेच. आदल्या दिवशी चकरेची गोळी घेतली असेल तर ही हालचाल दबून जाऊ शकते, म्हणून गोळी घेतली असल्यास आधीच सांगावं. मानेचं किंवा मणक्याचं दुखणं असेल तर तेही सांगावं.

निदान पक्कं झाल्यावर तिथंच एपली नावाची, खडे जागी नेणारी कृती केली. कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म खडे मागच्या अर्धवर्तुळाकार नळीत शिरलेले असतात, ते डोकं फिरवून मूळ जागी घसरवायचे. त्याच झोपलेल्या स्थितीतून मान डावीकडे ९० अंश, मग अंगासकट डाव्या कुशीवर, नाक जमिनीकडे, शेवटी हनुवटी छातीशी ठेवून हळूच उठून बसायचं. प्रत्येक ठिकाणी ३० ते ६० सेकंद, किंवा गरगर थांबेपर्यंत. घाई केली तर खडे मध्येच राहतात. काही वेळा ते आडव्या नळीत जातात, मग पडल्या-पडल्या डोकं कुठेही वळवलं तरी फिरतं आणि त्यासाठी वेगळी कृती लागते. घरी व्हिडिओ पाहून करताना बाजूच चुकते, हे फार होतं.

पहिल्या खेपेला उजवीकडची गरगर बरीच कमी झाली, दुसऱ्या खेपेला गेली. पाय हवेत पडल्यासारखं वाटणं आणखी चारेक दिवस राहिलं.