तुम्ही विचारलंत म्हणून: कोची एका दिवसात होतं का?

दिवाळीच्या सुट्ट्या जवळ आल्या की फोन सुरू होतात. ‘अगं, मुन्नारला चाललोय. कोची एका दिवसात होतं ना? आणि खायचं काय?’ बँकेने बदली करून मला तीन वर्षं एर्नाकुळमला ठेवलं होतं. परत येऊन नऊ वर्षं झाली, तरी ओळखीतल्या सगळ्यांसाठी कोचीची चौकशी-खिडकी अजून मीच.

होतं. सकाळी एर्नाकुळमच्या जेट्टीवरून बोट धरा, वीसेक मिनिटांत फोर्ट कोची. चिनी जाळी बघा: दगडांच्या वजनाच्या तोलावर ते अवाढव्य धूड पाण्यात उतरतं, चार-पाच जण दोर ओढून वर घेतात आणि हाती लागतात मूठभर मासे. वास्को द गामा १५२४ साली इथेच मेला. सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये त्याच्या थडग्याची जागा दाखवतात, हाडं मात्र कधीच पोर्तुगालला गेली. मग रिक्षाने मट्टनचेरी. पोर्तुगीजांनी बांधलेला आणि तरीही ‘डच पॅलेस’ म्हणवला जाणारा राजवाडा, त्याच्या भिंतींवरचं रामायण, शेजारी १५६८ चं सिनेगॉग. फक्त शुक्रवारी-शनिवारी जाऊ नका, शुक्रवारी राजवाड्याला कुलूप असतं आणि शनिवारी सिनेगॉगला.

आणि परत आल्यावर मला ‘सगळ्याला खोबरेलाचा वास येत होता’ हे सांगू नका. येणारच. तिथे ते डोक्याला लावतात तसं फोडणीलाही घालतात. जेवताना समोर येणारं कोमट गुलाबी पाणी पतिमुखम् नावाच्या लाकडाच्या सालपटांचं असतं, ग्लास नीट न धुतल्याचं नव्हे.

आता एवढं चिडायला काय झालं? तर आई.

आई मूळची गोव्यातल्या फोंड्याची. बाबा साताऱ्याचे, त्यामुळे घरात मराठी. तिची कोंकणी उरली ती मावशीशी फोनवर बोलण्यापुरती. माझ्या बदलीच्या दुसऱ्या वर्षी ती चार दिवस आली आणि मी तिच्यासाठी तासातासाचं वेळापत्रक केलं. हसू नका. मी रजा मुश्किलीने काढली होती आणि तिला सगळं दाखवायचं होतं. त्यात चेर्लईतलं तिरुमल देवस्वम्, म्हणजे गोव्याहून पोर्तुगीजांच्या जाचाला कंटाळून आलेल्या सारस्वतांचं देऊळ, याला पस्तीस मिनिटं दिली होती.

दर्शन झालं. बाहेर गल्लीत एका घराच्या पायरीवर एक म्हाताऱ्या बाई नातवाला काहीतरी दटावत होत्या. त्यातला ‘उदक’ हा कोंकणी शब्द आईने पकडला आणि ती थांबली. हेल वेगळा, मधूनच मल्याळी शब्द, पण पाच मिनिटांत दोघी एकमेकींना दुरुस्त करत बोलायला लागल्या. कुळदेव कुठला, दाळितोयेला, म्हणजे डाळीच्या आमटीला, हिंग किती. बाईंनी आत नेलं, कुडमपुळी दाखवली. धुरावर वाळवलेली, काळीकुट्ट. आई वास घेऊन म्हणाली, ‘ही आपल्या आमसुलाची बहीणच गो!’ मग त्या म्हणाल्या, जेवूनच जा, पानं मांडते.

मी घड्याळ बघितलं. एका हॉटेलात केळीच्या पानात भाजलेल्या करीमीन माशासाठी टेबल सांगून ठेवलं होतं. मी आईच्या आधी, हिंदीत, ‘नही, नही, हमें देर हो रही है’ म्हणून मोकळी झाले. आई काही बोलली नाही. तिने चपला घातल्या. बाईंनी एका पुडीत दोन-तीन कुडमपुळी बांधून दिल्या.

करीमीन मधोमध कच्चा निघाला.

तेव्हाच्या मला विचारलं तर ती म्हणेल, अनोळखी घरात चार माणसांचा स्वयंपाक कोणावर टाकायचा का? राजवाडा पाचला बंद होतो. पुन्हा आणणार होतीस का तू तिला? बरोबर आहे. नाही आणलं. गुडघे आडवे आले.

पुढे कुठेतरी वाचलं की डचांनी केरळच्या वनस्पतींवर जो बारा खंडांचा ‘होर्तुस मलबारिकुस’ छापला, त्याच्या १६७८ च्या पहिल्या खंडात रंगा भट, विनायक पंडित आणि आप्पू भट या कोचीच्या वैद्यांचं निवेदन आहे, कोंकणीत, नागरी लिपीत. आईला फोन करून सांगितलं. माफी मागायची होती, माहिती देऊन भागवली. ती म्हणाली, ‘हो का? छान.’

मागच्या वर्षी शेवटी विचारलंच. तर म्हणते, ‘बरं केलंस नाही म्हणालीस. परक्यांकडे कुठे जेवायचं? मासा छान होता तो.’ कच्चा होता आई, म्हटलं. ‘मला नाही वाटला.’ हे ती खरं बोलतेय की मला सोडवतेय, अजून कळलेलं नाही. पुडी मात्र तिच्या मसाल्याच्या कपाटात आहे. वापरलेली नाही.

परवा पुन्हा एक फोन आला. सगळं सांगून झाल्यावर म्हटलं, चेर्लईत देवळामागच्या गल्लीतून जरा चालून या. ‘तिथे काय आहे बघण्यासारखं?’

काही नाही, म्हटलं. दुपारी ऊन फार असतं. राहू द्या.