उत्तरेच्या खिडकीतलं ऊन

मुंबईला ऋतूच नाहीत, असं आमचे पुण्याचे नातेवाईक दर थंडीत ऐकवतात. घामापुरतं ते खरं आहे. पण ऋतू अंगावर न मोजता फरशीवर मोजला, तर मुंबईतही तो इंचाइंचाने सरकताना दिसतो.

आमचं स्वयंपाकघर उत्तरेला. घर घेताना एजंट म्हणाला होता, "इकडे ऊनच नाही साहेब, ओटा एकदम थंड." अर्धं वर्ष त्याचं बोलणं खरं ठरतं. दिवाळीनंतर त्या खिडकीकडे ऊन फिरकत नाही, डाळ निवडायलाही ट्यूब लावावी लागते. चैत्रात मात्र सकाळी चौकटीच्या कडेला एक तिरकी पट्टी उमटते. वैशाखात ती रुंद होत होत बरण्यांपर्यंत पोचते आणि आईची हाक येते, "अरे, ऊन आलं बघ इकडे. त्या कैऱ्या घेऊन ये." मीठ-हळद लावलेल्या फोडी ताटात पसरल्या जातात आणि पट्टी सरकेल तसं आई ताट सरकवत राहते. पंचांग भिंतीवर असतं, पण लोणच्याचा मुहूर्त ती खिडकीवरून काढते.

एजंटला दोष देण्यात अर्थ नाही. सूर्य पूर्वेला उगवतो हे आपण शाळेत घोकलेलं असतं. बरोब्बर पूर्वेला तो उगवतो ते वर्षातून दोनदा, मार्च आणि सप्टेंबरच्या विशीनंतर. एरवी मुंबईच्या क्षितिजावर त्याची उगवायची जागा पूर्वेच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ पंचवीस-पंचवीस अंश येरझारा घालते, उन्हाळ्यात उत्तरेकडे, थंडीत दक्षिणेकडे. कारण पृथ्वीचा आस सुमारे २३.४ अंशांनी कललेला आहे, आणि वर्षभर तो एकाच दिशेला कललेला असतो. त्यामुळे जूनमध्ये आपला उत्तर गोलार्ध सूर्याकडे झुकतो, डिसेंबरात त्याच्यापासून दूर. सूर्य जवळ आला म्हणून उन्हाळा होतो, ही समजूत तर पार उलटी पडते. जानेवारीच्या सुरुवातीला आपण त्याच्या सर्वांत जवळ असतो, सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर, आणि जुलैत त्याहून ५० लाख किलोमीटर लांब. हा सगळा प्रवास सेकंदाला तीसेक किलोमीटर वेगाने चालतो. म्हणजे चर्चगेट ते विरार दोन सेकंदांत, तेही धक्काबुक्की न होता.

मुंबई १९ अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या खाली. म्हणून इथे एक गंमत होते, जी दिल्लीकरांच्या नशिबी नाही. मेच्या मध्यावर दुपारी साडेबारा उलटल्यावर सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि गच्चीवरच्या उभ्या पाइपाची सावली पाइपाच्या पायाशीच गडप होते. त्यानंतर जवळपास अडीच महिने भरदुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. जुलैच्या शेवटी परतताना तो पुन्हा डोक्यावरून जातो. पण तेव्हा आभाळ गच्च भरलेलं, कपडे पंख्याखाली वाळत घातलेले आणि सावली मुळात असते कुठे, जी नाहीशी व्हावी!

दिवसाच्या लांबीत मुंबईकराला फारसा फरक पडत नाही. धाकटा अकरा तासांच्या आतबाहेर, थोरला सव्वातेराचा. लंडनला गेलेला भाचा जूनमध्ये रात्री नऊला खिडकीतलं ऊन दाखवतो, तेवढा चमत्कार आपल्याकडे नाही. तरी जो आहे तो खोडकर आहे. सर्वांत लहान दिवस २१-२२ डिसेंबरला, पण सर्वांत उशिराचा सूर्योदय जानेवारीच्या मध्यावर, सव्वासातच्या सुमारास. संध्याकाळचं गणित वेगळंच: सूर्य सर्वांत लवकर बुडतो तो नोव्हेंबरअखेरीस. त्या दिवसांत एका माध्यान्हापासून दुसऱ्या माध्यान्हापर्यंतचा काळ चोवीस तासांहून वीस-तीस सेकंद जास्त भरतो, आणि पूर्ण दिवसच घड्याळात पुढे पुढे सरकतो. दोष आसाच्या कलण्याचा, आणि थोडा लंबवर्तुळाकार कक्षेचाही. म्हणून संक्रांतीला तिळातिळाने वाढलेला दिवस शोधायचा तर संध्याकाळी शोधावा. सकाळी सातच्या शाळेला निघालेली पोरं त्या आठवड्यात सर्वांत जास्त अंधारात रिक्षात बसतात.

त्यात आपलं घड्याळही आपलं नाही. ते ८२.५ रेखांशाचं, आणि मुंबई ७३च्याही अलीकडे. सूर्याच्या हिशेबाने आपण ३९ मिनिटं मागे. या शहराने आपली स्थानिक वेळ, म्हणजे 'बॉम्बे टाइम', १९५५ पर्यंत धरून ठेवली होती, तो निव्वळ हट्ट होता असं मला वाटत नाही.

हॉल मात्र दक्षिणेला. डिसेंबरात सूर्य भरदुपारीही क्षितिजापासून जेमतेम ४७-४८ अंश वर चढतो, त्यामुळे ऊन खिडकीतून सहा फूट आत, सोफ्याच्या पायापर्यंत येत असे. बाबा पेपर घेऊन तिथेच बसत. तीन वर्षांपूर्वी दक्षिणेला टॉवर उभा राहिला. उंची सत्तर मीटर धरली, तर जूनमध्ये भरदुपारी त्याची सावली पाच-सहा मीटर, तीही पलीकडे, दक्षिणेला. डिसेंबरात तीच साठ मीटरच्या वर लांबते आणि आमची अख्खी इमारत गिळते. मे महिन्यात जागा बघायला आलेल्या माणसाला हे कळायचा मार्गच नाही. वास्तुशास्त्रवाले ईशान्य कोपऱ्यात काय ठेवावं ते सांगतात. दक्षिणेला किती मजले येणार, ते विचारत नाहीत.

आता आमच्याही सोसायटीत पुनर्विकासाच्या बैठका सुरू झाल्या आहेत. वाढीव कार्पेट, बिल्डरकडून मिळणारी एकरकमी 'कॉर्पस' रक्कम, पार्किंग, भाडं, सगळ्यावर भांडणं झाली. आमच्या उत्तरेला एक बैठी चाळ आहे. थंडीत तिथले म्हातारे अंगणात खुर्च्या टाकून बसतात. परवाच्या बैठकीत मी विचारलं, की आपली सावली डिसेंबरात कुठवर जाईल. सेक्रेटरींनी इतिवृत्तात लिहून घेतलं: 'इतर विषय'.