तांदळाच्या खोलीतली तपासणी

मी ऑडिओलॉजिस्ट. बसते कणकवलीत, आणि आठवड्यातून एक दिवस खाडीकाठच्या शाळांमधल्या मुलांची श्रवणतपासणी इथूनच करते. तिकडच्या लॅपटॉपला ऑडिओमीटर जोडलेला असतो, त्याचा ताबा इंटरनेटवरून माझ्याकडे. मी कळ दाबली की मुलाच्या हेडफोनमध्ये 'टूं' वाजतं. ऐकू आलं की त्याने हात वर करायचा. मला ते व्हिडिओवर दिसतं, त्यालाही मी दिसते.

तो जुलैचा दिवस होता. पहिली पाचही मुलं १००० हर्ट्झला, म्हणजे तपासणीतल्या सगळ्यात खालच्या पट्टीच्या स्वराला, अडकली. पाच मुलांचे कान एकदम कसे बिघडतील? पडवीच्या पत्र्यावर पाऊस कोसळत होता, खालच्या पट्टीतले स्वर त्यात बुडत होते. मी तपासणी थांबवायच्या बेतात होते, पण तिथल्या आरोग्यसेविकेने ऐकलं नाही. तिने पोषण आहाराच्या तांदळाची खोली उघडून घेतली. जांभ्याच्या जाड भिंती, तिन्ही बाजूंना पोती, मध्ये एक खुर्ची. त्या पोत्यांनी आवाज असा काही शोषला की तीच पाच मुलं २० डेसिबलच्या हळू आवाजालाही धडाधड हात वर करू लागली.

मग दुसरीतली एक मुलगी आली. १०००, २०००, ४०००, दोन्ही कान, प्रत्येक वेळी हात वर. फक्त हात किंचित उशिरा यायचा. मी तो नेटचा दोष समजले. 'पास' लिहिणार, एवढ्यात तहान लागली म्हणून मी पाण्याच्या बाटलीकडे हात नेला. कळ दाबली नव्हती, आणि मुलीने हात वर केला.

माझ्या अंगावर काटा आला. बाकीची मुलं पोत्यांकडे, पालीकडे, कुठेही बघत असतात. ही मात्र पहिल्यापासून माझ्यावर डोळे रोवून होती. कळ दाबताना माझा खांदा हलायचा, तेवढं तिला पुरत होतं. आवाज तिच्या कानाशी लगेच वाजायचा, माझं चित्र मात्र थोडं मागून पोचायचं. हात उशिरा यायचा तो त्यामुळे.

मी माझा कॅमेरा बंद केला आणि पुन्हा सुरुवात केली. १००० ला हात वर. २००० ला शांतता. ४००० ला मी ६० डेसिबलपर्यंत नेलं, तरी शांतता. ती काळ्या पडद्याकडे बघत राहिली.

सेविकेने ऑटोस्कोपने, म्हणजे कानात बघायच्या कॅमेऱ्याच्या उपकरणाने, मुलीच्या कानाचे पडदे दाखवले: दोन्ही स्वच्छ. टिंपॅनोमेट्रीचा, म्हणजे कानाच्या पडद्याची हालचाल मोजणाऱ्या चाचणीचा, आलेखही नीट, म्हणजे पडद्यामागे पाणी नाही. दोष आतल्या कानाचा असावा. वर्गाच्या बाईंनी मुलीची श्रुतलेखनाची वही आणली. स, श, फ असलेले शब्द जागोजागी चुकलेले. ही अक्षरं वरच्या पट्टीत वाजतात. अ, आ असे स्वर मात्र खालच्या पट्टीतले, ते तिला नीट पोचतात, म्हणून हाकेला ती चटकन ओ द्यायची. बाई म्हणाल्या, "मी तिला कितीदा धांदरट म्हटलं हो." मला त्यांना दोष द्यावासा वाटला नाही. हाकेला ओ देणाऱ्या मुलीच्या कानाबद्दल शंका तरी कशी यावी?

पंधरा दिवसांनी आई तिला घेऊन कणकवलीला आली. ध्वनिरोधक खोलीत सगळी चाचणी पुन्हा केली. आलेख तसाच, उजवीकडे घसरत गेलेला. आईला मी तो समजावत होते, ती मध्येच म्हणाली, "आयकता म्याडम ती. फकत समोर जावन बोलूचा लागता. हाक आयकता, पण मागसून काय सांगला तर कळना नाय." घरातल्या सगळ्यांनी ही सवय कधी लावून घेतली, तिलाही आठवत नव्हतं.

जन्मल्यापासून महिन्याच्या आत कानांची प्राथमिक तपासणी, तीन महिन्यांत निदान, सहा महिन्यांत उपचार, असं आमच्या शास्त्रात सांगितलंय. ही सात वर्षांची. दोष जन्मापासूनचा असेल, तर सात वर्षं ती अर्धे शब्द डोळ्यांनी पुरे करत आली होती. अजून मला ते सहन होत नाही.

कानाच्या यंत्रांसाठी साचा घेताना मुलगी हसत होती. आई मात्र गप्प झाली. मग तिने कडेवरचं आठ महिन्यांचं बाळ पुढे केलं. "ह्येचा पण बघा."

त्या वयाच्या बाळाची चाचणी ते झोपलेलं असताना चांगली होते. मी खोलीतला दिवा मालवला, तिने त्याला मांडीवर आडवं घेतलं, आणि आम्ही दोघी तो झोपायची वाट बघत बसलो.