७० एमएमवर 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'

लंडनमध्ये राहण्याचं एक मोठं सुख म्हणजे इथे जुने सिनेमे अजून थिएटरला लागतात, आणि काही ठिकाणी तर चक्क फिल्मच्या रिळांवर चालवतात. वॉटर्लू ब्रिजला लागून बीएफआय साउथबँक आहे, बाहेर पुलाखाली जुन्या पुस्तकांची टेबलं मांडलेली असतात, त्या थिएटरात परवा 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' ७० एमएमच्या रुंद फिल्मवर बघितला. डेव्हिड लीनचा १९६२ चा सिनेमा, पहिल्या महायुद्धात तुर्कांविरुद्ध अरबांच्या बाजूने लढलेल्या टी. ई. लॉरेन्स या ब्रिटिश अधिकाऱ्यावरचा, साडेतीन तासांच्याही वर. टीव्हीवर मी तो कितीतरी वेळा पाहिलाय, कॉलेजात असताना अर्धे डायलॉग पाठ होते, पण आता सरळ सांगतो, टीव्हीवर यातली गोष्ट तेवढी कळते, वाळवंट कळत नाही.

सुरुवातीला पडद्यावर काहीच नाही, अंधारात नुसतं मोरिस जारचं संगीत, चांगली चारेक मिनिटं, आणि ते पहिले ड्रम्स छातीतच वाजतात. अख्खं थिएटर गप्प, कोणाचा मोबाईल नाही की काही नाही. मग मोटरसायकलच्या अपघातात लॉरेन्सचा मृत्यू आणि लगेच सेंट पॉल्स कॅथेड्रलमधली शोकसभा. ते कॅथेड्रल इथून नदीकाठाने चालत गेलं की अर्ध्या तासात येतं, आत तळघरात लॉरेन्सचा अर्धपुतळा आहे, मी तो आधीच बघून आलो होतो, त्यामुळे तो पडद्यावर दिसला तेव्हा फार भारी वाटलं.

पण ज्यासाठी गेलो होतो तो विहिरीचा सीन. लॉरेन्स आणि त्याचा वाटाड्या पाणी काढतायत आणि लांब क्षितिजावर काहीतरी हलतं. टीव्हीवर तो ठिपका नीट दिसतच नाही हो, आपल्याला सीन माहीत असतो म्हणून आपण तो आहे असं धरून चालतो. इथे तो खरंच दिसतो, मृगजळात थरथरतो, वितळतो, परत जुळतो, आणि हळूहळू त्याचा काळ्या कपड्यातला उंटस्वार होतो, ओमर शरीफ! म्युझिक नाही, घाई नाही. कॅमेरामन फ्रेडी यंगने यासाठी खास लांब पल्ल्याची लेन्स मिळवली होती, शिवाय ही फिल्म नेहमीच्या ३५ एमएमच्या दुप्पट रुंद, त्यामुळे एवढ्या लांबचा माणूससुद्धा पडद्यावर टिकतो. विहिरीवरचे ते दोघं जसे डोळे बारीक करून बघत असतात तसेच आपणही बघत बसतो, आणि मग अचानक गोळीचा आवाज. माहीत असूनही दचकलो.

आणि आपला जोहर! बऱ्याच जणांना माहीत नसतं, पण यातला गासिम, म्हणजे लॉरेन्ससोबत वाळवंट पार करणाऱ्या अरबांपैकी एक, म्हणजे आपले आय. एस. जोहर, तेच ते 'जॉनी मेरा नाम'मध्ये तिहेरी भूमिका करणारे. नेफूदच्या वाळवंटात रात्री उंटावरून पडतो, सकाळी रिकामा उंट चालताना दिसतो, सगळे म्हणतात त्याचं मरण लिहिलेलंच होतं, आणि लॉरेन्स एकटा माघारी फिरतो. तिकडे गासिम वर चढणाऱ्या सूर्याखाली एकटा चालतोय, अंगावरची एकेक वस्तू काढून टाकत. एवढ्या मोठ्या पडद्यावर तो मुंगीएवढा दिसतो, पाय ओढतोय हे मात्र स्पष्ट कळतं. हिंदी सिनेमात ज्याला बघून आपण हसायचो त्याच माणसाने इथे घसा कोरडा पाडला. पुढे टोळ्यांमधलं भांडण थांबवायला लॉरेन्सला त्याच गासिमला स्वतः गोळी घालावी लागते, ओळखीचा चेहरा म्हणून असेल, पण तो सीन मला प्रत्येक वेळी जड जातो.

सगळंच पटतं असं नाही. अ‍ॅलेक गिनेस आणि अँथनी क्विन यांना रंग फासून अरब केलंय ते ७० एमएमवर जास्तच खटकतं, मेकअप लपत नाही. मूळचा इजिप्तचा ओमर शरीफ आणि जोहर शेजारी असले की तर फारच.

एरवी इकडे सिनेमाला इंटरवल नसतो, याला मात्र मुळातूनच आहे, त्यामुळे कॉफी घेऊन लोक अनोळखी माणसांशीही बोलायला लागले. एक आजोबा सांगत होते की मधली कित्येक वर्षं हा सिनेमा कापलेलाच दाखवायचे. तो नीट जोडला गेला १९८९ मध्ये, रॉबर्ट हॅरिसने हरवलेले तुकडे शोधून काढले, काही तुकड्यांचा आवाजच नव्हता म्हणून लॉरेन्स झालेल्या पीटर ओटूलने पंचवीसेक वर्षांनी स्वतःच्याच तरुण चेहऱ्याला परत आवाज दिला. इंटरवलनंतर मी ते जोड कानाने शोधत बसलो, एकही सापडला नाही.

पुण्यातला भाऊ विचारत होता की मोबाईलवर बघू का. नको रे बाबा, निदान घरातला सगळ्यात मोठा टीव्ही, खोलीत पूर्ण अंधार, आणि ती सुरुवातीची काळी चार मिनिटं पुढे ढकलायची नाहीत. आणि तिकडे कुठल्या फेस्टिवलला लागला तर रजा टाकून जा.