कंडक्टरची भूमिका स्पष्ट करा

माझ्या संशोधनाची फाइल एथिक्स कमिटीच्या, म्हणजे माणसांवरच्या संशोधनाला मंजुरी देणाऱ्या समितीच्या, ऑफिसात सात महिने होती. त्यातले चार गेले एका शब्दापायी.

विषय असा. हृदयाच्या स्नायूत एक प्रथिन असतं, त्याचं जनुक एमवायबीपीसी३. काही जणांत या जनुकातली डीएनएची २५ अक्षरं गळालेली असतात. भारतात सुमारे ४ टक्के लोकांत हा बदल सापडतो आणि तो असणाऱ्यांना हार्ट फेल्युअरचा धोका बराच जास्त असतो, हे २००९ साली हैदराबादच्या सीसीएमबीतले डॉ. थंगराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. मला नागपूर आणि आसपासच्या कार्डिओमायोपॅथीच्या (हृदयाच्या स्नायूच्या आजाराच्या) पेशंटांच्या घरच्या भावंडांचा, मुलांचा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायचा होता आणि रक्त तपासायचं होतं. गाईड, पैसे, लॅब, सगळं महिनाभरात जमलं.

अडलं ते संमतीपत्रावर. इंग्रजीतल्या ‘कॅरियर’ला, म्हणजे असा बदल अंगात असलेल्या माणसाला, मी मराठीत ‘वाहक’ लिहिलं. मराठी मजकूर मग अशा माणसाकडून उलट इंग्रजीत करून घ्यायचा असतो, ज्याने मूळ पाहिलेलं नाही. आमच्या गृहस्थांनी इमानदारीत केलं: ‘तुमच्या घरातील इतर व्यक्तीही कंडक्टर असू शकतात.’ त्यावर कमिटीचा शेरा आला, ‘कंडक्टरची भूमिका स्पष्ट करा.’

मी भडकले. ‘वाहक’ हा शब्द शास्त्रीय आहे, पाठ्यपुस्तकात आहे, असं दोन पानी पत्र लिहून पाठवलं. तुम्ही हे करू नका. दीड महिन्याने फाइल परत: मुद्दा मान्य नाही, शिवाय फूटरमधला व्हर्जन नंबर आणि तारीख बदललेली नाही. बदलणार कशी, मी एक अक्षर बदललं नव्हतं!

रागारागात मी तो परिच्छेद वॉर्डातल्या मावशींना वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, “माहा जावई हाये ना वाहक, काटोल डेपोत. त्याचं रक्त काहून पायजे तुम्हाले?”

तिथे माझी जिरली.

नवीन मजकूर लिहिला, व्हर्जन २ टाकलं, प्रत्येक पानावर. तर कोरम नाही. निदान पाच सदस्य लागतात, चारच आले. पुढची तारीख नेमकी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीच्या मिरवणुकीची. निम्मे सदस्य नागपूरच्या महाल भागातल्या गर्दीत अडकले. इडा-पिडा घेऊन जा म्हणतात ना मारबतीला, तसं बाकावर बसून मी मनात म्हटलं, व्हर्जन नंबर घेऊन जा गे मारबत! (मीटिंगची तारीख ठरताना पोळा कधी आहे ते आधी बघून घ्या.)

सप्टेंबरात एकदाची मीटिंग झाली. डॉक्टर मंडळींनी काही विचारलं नाही. कमिटीत वैद्यकीय क्षेत्राबाहेरच्या एक बाई असतात, निवृत्त शिक्षिका. त्यांनी कागद चष्म्याजवळ धरून वाचला. “बापाचं नाक उतरलं म्हणतो ना आपण? तसं लिही ना, बाळा.” मग वाक्य असं झालं: ‘हा बदल तुमच्यात असला तरी तुम्हाला त्रास होईलच असं नाही, पण तो तुमच्या मुलांत उतरू शकतो.’ बाईंनी आणखी एक विचारलं. लग्नाच्या मुलीत हा बदल सापडला तर कोणाला सांगणार? खरं सांगते, मी हा विचारच केला नव्हता. चार महिने शब्दावर भांडले आणि हे डोक्यात आलं नाही. ‘निकाल फक्त त्या व्यक्तीलाच, तोही तिला हवा असेल तरच,’ हे त्याच टेबलावर हाताने लिहून घातलं. म्हणजे व्हर्जन ३. पण या वेळी आठवड्यात मंजुरी आली.

इकोसाठी उपाशीपोटी यायची गरज नसते, हे फोनवरच सांगून ठेवा. आमच्याकडे एक काका सकाळपासून चहासुद्धा न घेता आले होते.

आणि रक्त जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए ट्यूबमध्येच घ्या. हिरव्या टोपणाच्या ट्यूबमधलं हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध) पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएच्या तपासणीत, घोळ घालतं. पहिल्या घरचे तीन नमुने मी घाईत हिरव्यात घेतले आणि उमरेडला परत जावं लागलं. आजीने बाही वर केली खरी, पण विचारलंच, “पयलं रगत कुठी सांडवलं, बाई?”