टिचकी कळते, पाय उडत नाही

(दहावी, १९८७ची तुकडी. सध्या लातूर येथे फिजिओथेरपिस्ट.)

आमच्या विज्ञानाच्या बाई मज्जासंस्था शिकवायला घेत तेव्हा आधी एकेकाला टेबलावर बसवत. पाय मोकळे सोडायला सांगत आणि गुडघ्याच्या वाटीखाली तळहाताच्या कडेनं टिचकी दिल्यासारखं मारत. पाय टुणकन पुढं उडे. "आता उडू देऊ नको," असं बजावलं तरी उडेच. मग विचारत, "हुकूम कुणी दिला?"

आम्ही एका सुरात म्हणायचो, "मेंदूनं." बाई मान हलवत. वाटीखालची कंडरा (स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी) दाबली गेली की मांडीचा पुढचा स्नायू क्षणभर ताणला जातो. ती खबर पाठीच्या कण्यातल्या मेरुरज्जूच्या खालच्या भागात पोचते, तिथल्या चालक चेतापेशीला मिळते आणि तीच स्नायूला आखडायला लावते. मेंदूला कळतं ते मागाहून. त्याच वेळी मांडीच्या मागच्या स्नायूला सैल पडण्याचा निरोप जातो, नाहीतर दोघं एकमेकांविरुद्ध ओढत बसले असते. हे काम ज्यांनी उलगडलं त्या चार्ल्स शेरिंग्टन यांना १९३२ साली नोबेल मिळालं, हे मी पुढं कॉलेजात वाचलं.

आमच्या वर्गात पोलिओनं एक पाय अधू झालेला मित्र होता. बाई त्याला टाळून पुढं जात होत्या, तर तो आपणहून म्हणाला, "बाई, माझंबी बघा की." चांगला पाय उडाला. दुसऱ्यावर बाईंनी दोनदा मारलं, पाय हलला नाही. "लागलं का?" त्यांनी विचारलं. "लागलं की. कळतंय सगळं."

बाईंनी त्याच्या शेजारी बसून सगळ्या वर्गाला सांगितलं, की याची इच्छा शाबूत आहे, मेंदू शाबूत आहे, स्पर्श मेंदूपर्यंत पोचतोय. पण मेरुरज्जूतल्या ज्या पेशी स्नायूला शेवटचा निरोप देतात, त्या पोलिओच्या विषाणूनं मारल्यात. त्या दिवसानंतर त्याला नावं ठेवणं वर्गात बंद झालं. भारतातला नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमध्ये सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारतासह आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. ती बातमी वाचल्यावर मी पहिला फोन त्यालाच लावला.

आज माझ्याकडं येणारे बहुतेक रुग्ण लकव्याचे. डाव्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकली की उजवा हात-पाय जातो, कारण मेंदूकडून येणाऱ्या बहुतेक तारा मस्तिष्कपुच्छात, म्हणजे मेंदूच्या अगदी खालच्या टोकाला, बाजू बदलतात. हे नातेवाइकांना पटतं. पटायला अवघड जातं ते पुढचं. सुरुवातीला लुळा पडलेला हात काही आठवड्यांनी ताठ होतो, मूठ आवळली जाते, आणि घरचे आनंदानं सांगतात, "ताकद यायलीय." ती ताकद नसते. मेंदू स्नायूंना हुकूम देतो तसाच मेरुरज्जूतल्या प्रतिक्षिप्त क्रियांना आवरूनही धरतो. बैलाचा कासरा हातात असावा तसा. तो कासरा सुटला की टिचकीसरशी गुडघा अवाजवी जोरानं उडतो, स्नायू आखडून राहतात. पोलिओत पाय उडत नाही, लकव्यात तो जास्तच उडतो. बिघाड कुठं आहे हे एका टिचकीत कळतं, त्याचं मला अजून नवल वाटतं.

निलंग्याकडच्या एका सुनेनं मला कळवळून विचारलं होतं, "जांभई देताना मामांचा हात आपोआप वर जायलाय. मग आपण सांगितल्यावर का उचलंनात? मुद्दाम करायलेत का?" नाही हो ताई. जांभईची वाट वेगळी आहे, ती मेंदूच्या खालच्या भागातून येते. ठरवून हात उचलण्याची वाट तुटलीय. मामांना आळशी म्हणू नका.

अशा हाताला धरून रुग्णाला ओढून उठवू नये, खांदा निखळतो. आवळलेली बोटं हिसक्यानं उघडू नयेत. आणि नुसता रबरी चेंडू दाबत बसवण्यापेक्षा परातीत पीठ मळायला द्यावं. मेंदूतल्या शाबूत पेशी नव्या वाटा जोडतात, पण त्यासाठी खरं काम पुन्हापुन्हा करावं लागतं. महिनोन्‌महिन्यांच्या कष्टानंतर पुन्हा भाकरी थापणाऱ्या आजी मी पाहिल्या आहेत. अर्थात सगळ्यांचं तेवढं सुधारत नाही, हेही मी त्यांना स्पष्ट सांगतो.

मला सगळ्यात जास्त छळतो तो वाया गेलेला वेळ. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही सीटी स्कॅन करून मेंदूत रक्तस्राव नाही याची खात्री पटल्यावर. आपल्याकडं तेवढा वेळ तेल चोळण्यात, कबुतराचं रक्त लावण्यात, कुठल्यातरी गावच्या औषधाला गाडी करण्यात जातो. रुग्ण माझ्याकडं येतो तेव्हा मेंदूतल्या पेशी कधीच मेलेल्या असतात.

म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या निमित्तानं शाळेकडं एक मागणं आहे. दरवर्षी एक तास मला द्या. मी दहावीच्या मुलांना टेबलावर बसवून बाईंसारखाच धडा शिकवीन आणि त्याच तासात चार गोष्टी पाठ करून घेईन: तोंड वाकडं झालं का, दोन्ही हात वर केल्यावर एक खाली येतो का, बोलणं अडखळतं का, आणि हे कधी सुरू झालं ती वेळ लिहून १०८ला फोन. तारीख मुख्याध्यापकांनी कळवावी, मी दवाखाना बंद ठेवून येईन.